मागची फळी

नाताळच्या आदल्या रात्रीची मिस्सा संपली, की आमच्या बिबवेवाडीच्या ख्रिस्तमंदिराच्या अंगणात तासभर तरी माणसे रेंगाळतात. थंडी असते, कॉफी असते, वर्षातून एकदाच घरी आलेली लेकी-सुनांची बिऱ्हाडे असतात. गेल्या नाताळात अशाच गर्दीत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या जावयांची गाठ पडली. ते अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरी नोकरी करतात. मी जुना फुटबॉलवेडा आहे हे सासऱ्यांनी त्यांच्या कानी घातले असावे. कारण कुशलप्रश्न आटोपताच त्यांनी तिकडच्या महाविद्यालयीन फुटबॉलचा विषय काढला.

"फादर, तो आपला फुटबॉल नव्हे," ते म्हणाले. "चेंडू लंबगोल, आणि पायापेक्षा हातातच जास्त. पण सांगण्यासारखी गोष्ट अशी, की एका संघाला दहा-अकरा प्रशिक्षक असतात. त्यांतला एक केवळ बचावाच्या पहिल्या फळीतल्या चार गड्यांचा."

मला प्रथम हसू आले. चार माणसांना एक प्रशिक्षक! आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या वर्गात चाळीस मुलांमागे एक शिक्षिका मिळवताना माझ्या नाकी नऊ येतात. परंतु त्यांनी पुढे जी हकीकत सांगितली, ती माझ्या मनात घर करून राहिली. लॅरी जॉन्सन नावाचे एक गृहस्थ. आधी बरीच वर्षे शाळेतील मुलांना खेळ शिकवला. १९९६ साली पेन स्टेट विद्यापीठात आले आणि तेथे अठरा हंगाम काढले; २०१४ साली कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. काम तेच, बचावाची पहिली फळी घडवायची. त्यांच्या हाताखालचे बोसा बंधू, चेस यंग यांच्यासारखे खेळाडू पुढे व्यावसायिक खेळात नावारूपाला आले. २०२० च्या डिसेंबरात कोविडमुळे मुख्य प्रशिक्षकांना घरी राहावे लागले, तेव्हा एका सामन्यापुरते लॅरी जॉन्सन मुख्य झाले. त्या विद्यापीठाच्या संघाचे प्रमुखपद सांभाळणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. सामना ५२-१२ असा जिंकला आणि पुढच्या आठवड्यात ते आपल्या चार माणसांकडे परत गेले.

पाहुणे निघून गेले. दिवे मालवून मी खोलीत आलो, पण झोप लागेना. त्या अमेरिकन गृहस्थांपेक्षा मला पुण्यातलीच दोन माणसे आठवत होती. एक डेरिक पेरेरा, ज्यांना मी बालेवाडीच्या गॅलरीतून पाहिले. दुसरा आमच्याच धर्मग्रामातला एक मुलगा, ज्याच्या बाबतीत माझे एक देणे थकलेले होते.

माझा स्वतःचा फुटबॉल हा सेमिनरीतला. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात कबड्डी होती, आट्यापाट्या होत्या, फुटबॉल नव्हता. सेमिनरीत मात्र संध्याकाळची घंटा झाली, की झगे खुंटीला लागत आणि सारे मैदानावर उतरत. केरळचे, गोव्याचे, मंगळूरचे, छोटा नागपूरचे सहाध्यायी. त्यांच्या पायांत जन्मजात काहीतरी होते, ते माझ्यात नाही हे पहिल्याच आठवड्यात सर्वांना कळले आणि मला मागे डाव्या बाजूला उभे करण्यात आले. पाच वर्षे मी तेथेच उभा होतो. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी विरुद्ध ईशज्ञानाचे विद्यार्थी असा आमचा वार्षिक सामना होई. एका वर्षी शेवटच्या मिनिटाला एक गोवेकर चेंडू घेऊन माझ्या अंगावर आला. त्याने उजवा पाय असा काही फिरवला, की मी उजवीकडे झेपावलो आणि तो डावीकडून निघून गेला. गोल झाला. बागेची व गाईगुरांची व्यवस्था पाहणारे आमचे एक वृद्ध ब्रदर कडेला बसून खेळ पाहत असत. रात्री जेवणानंतर ते मला म्हणाले, "तू त्याचे पाय पाहात होतास. पाय फसवतात. चेंडू पाहावा." एवढेच. गोल वाचला असता तर ते काहीही बोलले नसते, हे मला पुढे कळले. बचावाच्या खेळाडूची गंमतच अशी, की तो चुकला तरच दिसतो.

त्या गोवेकर सहाध्याय्यांच्या तोंडी जी नावे असत त्यांत डेरिक पेरेरा हे नाव होते. साळगावकर क्लबचा आणि भारताचा बचावपटू. गोव्याला या मागच्या फळीचा विशेष अभिमान. १९८४ साली ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षक असताना मद्रासच्या स्पर्धेत गोव्याने एकही गोल न खाता संतोष ट्रॉफी जिंकली, हे ते प्रार्थनेसारखे म्हणून दाखवीत. पुढे मी वर्तमानपत्रांतून पेरेरांची वाटचाल पाहत राहिलो. खेळणे संपवून ते प्रशिक्षक झाले. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. बारेटो आणि याकुबू या परदेशी आघाडीपटूंची छायाचित्रे सर्वत्र झळकली. ते साहजिकही होते. गोल करणाऱ्याचे छायाचित्र काढता येते. न झालेल्या गोलाचे कसे काढणार?

२००९ साली ते पुण्यात आले. अशोक पिरामल समूहाने २००७ साली स्थापन केलेला पुणे फुटबॉल क्लब त्याच वर्षी देशातील सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये दाखल झाला होता. पहिल्याच हंगामात हा नवखा संघ तिसरा आला. ज्या शहरात फुटबॉल म्हणजे खडकी-कॅम्पातल्या काही शाळांचा आणि लष्कराचा खेळ समजला जाई, तेथे हे नवलच होते. संघाचे गोलरक्षक सुब्रत पाल २०११ च्या जानेवारीत दोहाच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाविरुद्ध असे काही लढले, की भारत ४-१ ने हरूनही चर्चा त्यांचीच झाली. त्याच वर्षी केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातला अनस एडथोडिका नावाचा बचावपटू मुंबई एफसीतून पुण्यात आला.

२०१० च्या सुमारास माझी बिबवेवाडीत पहिल्यांदा नेमणूक झाली होती. अप्परच्या वस्तीतील आमची मुले मिळेल त्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत. मी त्यांना एक फुटबॉल आणून दिला. त्यांतला एक मुलगा, वय वर्षे तेरा-चौदा, उंचीने बेताचा, आपण होऊन मागे उभा राही. बाकीची सारी पोरे चेंडूमागे मधमाश्यांसारखी धावत. हा जागेवरून हलत नसे, आणि चेंडू नेमका त्याच्यापाशी येई. त्याचे वडील मार्केट यार्डात टेम्पो चालवीत. २०१२-१३ च्या हंगामात एका रविवारी त्यांनी टेम्पो काढला, आम्ही दहा-बारा पोरे हौद्यात भरली (कायद्याने हे योग्य नव्हते, पण कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसून पोरे गात होती) आणि सातारा रस्त्याने, पुढे बाह्यवळणाने बालेवाडीला गेलो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले ते भव्य मैदान. गॅलरीत प्रेक्षक मात्र विरळ.

मी मुलांना म्हणालो, "चेंडू पाहू नका. दहा मिनिटे फक्त मागचे चौघे पाहा." मोठ्यांनाही हे कठीण जाते. पण त्या मुलाला ते लगेच दिसले. चेंडू उजवीकडे गेला, की चौघेही उजवीकडे सरकत. चेंडू पुढे गेला, की चौघेही पाच पावले वर येत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा गडी मागे उरला तर आपोआप ऑफसाइड ठरावा. एक जण चेंडूवाल्याच्या अंगावर जाई, तेव्हा शेजारचा त्याच्या मागची जागा भरी. अंगावर जाणाराही चेंडू हिसकावण्याची घाई करीत नसे. अंग तिरपे करून समोरच्याला तो कडेला ढकलीत नेई, वेळ काढी, तोवर बाकीचे जागेवर येत. "फादर, यांच्या कमरेला दोरी बांधलीय का?" मुलाने विचारले. खाली रेषेजवळ पेरेरा उभे होते. ती दोरी त्यांनी बांधलेली होती. तशी दोरी एका दिवसात बांधली जात नाही. तोच सराव शेकडो वेळा, उन्हापावसात, रिकाम्या मैदानावर करून घ्यावा लागतो. त्या हंगामाअखेर पुणे एफसी चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग देशात दुसरा आला.

परतताना मी पुढे केबिनमध्ये बसलो होतो. मुलाला शहरातल्या एका क्लबच्या अकादमीत घ्यायला तयार आहेत, असे मी चालकाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, सांगितले. राहणे, जेवण, शाळा, सारे क्लबकडे. ते बराच वेळ गप्प होते. कात्रजच्या चौकात गाडी थांबली, तेव्हा त्यांनी विचारले, "फादर, हा क्लब टिकल का?"

मी म्हणालो, "टिकेल की. एवढी मोठी माणसे मागे आहेत."

महिंद्र युनायटेडसारखा अर्धशतकाच्या घरात पोचलेला, देशाचे विजेतेपद मिळवलेला संघ २०१० साली कंपनीने बंद केला होता. ती बातमी मी वाचलेली होती. तरीही मी हे उत्तर दिले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे फार नाही. २०१३ साली पेरेरा आपल्या जुन्या साळगावकर क्लबचे प्रशिक्षक होऊन गोव्याला परतले. २०१४ साली झगमगाटाची नवी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पैसा व प्रेक्षक तिकडे वळले. २०१५ साली पुणे एफसी बंद झाला. २०१६ च्या आरंभी पेरेरा पुन्हा पुण्यात दिसले, या वेळी डीएसके शिवाजियन्स या संघाबरोबर. तो संघ २०१७ साली संपला. साळगावकरने २०१६ साली आय-लीगमधून अंग काढून घेतले. सुपर लीगमधला आपल्या शहराचा एफसी पुणे सिटी २०१९ साली गुंडाळला गेला. ज्या ज्या मैदानावर या माणसाने भिंत उभी केली, तेथली जागाच मालकाने काढून घेतली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ते मात्र काम करीत राहिले. २०१७ साली चर्चिल ब्रदर्स, मग एफसी गोवाची तांत्रिक बाजू, मार्च २०१९ मध्ये आशियाई पात्रता फेरीसाठी देशाचा तेवीस वर्षांखालील संघ. डिसेंबर २०२१ मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक ऐन हंगामात दुसऱ्या संघाकडे गेले, तेव्हा रिकाम्या खुर्चीवर यांनाच बसवण्यात आले. अनसही पुण्याहून दिल्लीला गेला आणि २०१७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, भारताच्या संघातून प्रथम खेळला. ज्या वयात बहुतेकांना निवृत्तीचे वेध लागतात, त्या वयात.

मध्यंतरी एका लग्नाच्या निमित्ताने मी कोल्हापूरला गेलो होतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना पाहिला. काय ती गर्दी! तेथे संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. त्यांना कंपनीचा मालक नाही, म्हणून कुणाच्या एका सहीने ते बंद पडत नाहीत. गॅलरीत माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांना मी विचारले, तुम्ही कोणाचे? ते म्हणाले, "आमी जल्मलो तवापास्नं पाटाकडीलचं." कलकत्त्याच्या क्लबांनाही असेच शतकभराचे सभासद आहेत. पुण्यात आम्ही तिकीट काढून गेलो, टाळ्या वाजवल्या, आणि क्लब बंद झाला तेव्हा वर्तमानपत्राची घडी घातली. क्लब आमचा होता कुठे?

२०१४ साली माझी बदली सोलापूरकडे झाली. आमच्या आयुष्यात बदलीचे पत्र येते, दोन पेट्या भरायच्या आणि निघायचे. त्याविषयी तक्रार नाही. तिकडे असताना एके दिवशी त्या मुलाच्या आईचा फोन आला. अकादमी बंद होणार होती. मुलगा बारावीला होता, अभ्यास मागे पडलेला, गुडघा दुखावलेला. गाशा गुंडाळून घरी आला होता. त्या माउलीचा आवाज स्थिर होता. मी म्हणालो, मी प्रार्थना करीन. आणि खरोखरच केली. पण वडिलांना फोन केला नाही. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. खरे कारण असे, की कात्रजच्या चौकातले माझे उत्तर मला आठवत होते.

२०२३ साली मी पुन्हा बिबवेवाडीत आलो, या वेळी प्रमुख धर्मगुरू म्हणून. ते कुटुंब रविवारी मिस्साला येई, नमस्कार करी, निघून जाई. मुलगा आता मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर दिवाणजी होता. पहाटे तीनला जायचे, पट्ट्या लिहायच्या. तो पहिल्या मिस्सानंतर दिसेनासा होई. मीही विषय काढला नाही. दोन वर्षे अशी गेली.

लॅरी जॉन्सन यांची गोष्ट ऐकली त्यानंतरच्या आठवड्यात घरोघरी आशीर्वाद देत फिरत होतो. त्यांच्या घरी पोचलो. खोली लहान, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, तिच्या खाली खिळ्याला एक फिकट झालेली खेळाची जर्सी. तीर्थ शिंपडून झाले. चहा आला. मुलगा गाळ्यावर गेलेला होता. मग मी एकदाचे म्हणालो, "तुम्ही मला टेम्पोत विचारलं होतंत, क्लब टिकेल का. मी ठाऊक नसताना हो म्हणालो. मुलाची चार वर्षे गेली."

त्यांनी कप खाली ठेवला. टेम्पो त्यांनी कधीच विकला होता. हात तसेच राकट होते.

"क्लब बंद पडला त्याचं काय नाय, फादर," ते म्हणाले. "यार्डात मी किती गाळे बंद झालेले बघितले. आज हाय, उद्या नाय. पोरगं दोन महिने घराबाहेर पडत नव्हतं. आम्हाला वाटलं, फादरचा फोन येईल. त्याला पण वाटलं होतं. तुमचा फोन आला नाय."

आतल्या दाराशी उभी असलेली त्यांची पत्नी काहीच बोलली नाही. मी क्षमा मागितली. कुमसाराच्या पिंजऱ्यात बसून हजारो माणसांना क्षमेचे शब्द उच्चारले आहेत. मागण्याचे शब्द मात्र तोंडातून फुटायला वेळ लागला. ते म्हणाले, "चहा गार होतोय." मी चहा घेतला. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आले आणि सहज सांगावे तसे म्हणाले, "रविवारी सकाळी तुमच्या मिस्सानंतर ग्राउंडवर जातो तो. पोरं जमवतो. बघा कधी."

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सासाठी एका पाहुण्या फादरांना बोलावले आणि मी अप्परकडे चालत गेलो. दहा-अकरा पोरे होती. आमची दोन-तीन, बाकी वस्तीतली सर्व धर्मांची. विटा ठेवून गोलची जागा आखलेली. एक पायाने किंचित लंगडत तो त्यांच्यामध्ये फिरत होता. त्याने चार पोरांना एका ओळीत उभे केले होते आणि मार्केट यार्डातून आणलेली काथ्याची लांब दोरी चौघांच्या हातात दिली होती. तो चेंडू घेऊन समोर डावी-उजवीकडे सरके, आणि चौघांनी दोरी ना ताणता, ना सैल पडू देता त्याच्याबरोबर सरकायचे. एक बारके पोर फसले, दोरी हातातून सुटली. "पाय नको बघू माझे," तो ओरडला, "चेंडू बघ, चेंडू!"

मी दचकलोच. ते वाक्य मी त्याला शिकवल्याचे मला आठवत नव्हते, शिकवले असेल. की अकादमीत कोणी शिकवले, की त्याचे त्यालाच सापडले? मी विचारले नाही.

त्याने मला पाहिले. नमस्कार केला नाही. शिट्टी तोंडात होती. डाव्या टोकाचे पोर आईची हाक ऐकून घरी पळाले होते आणि दोरीचे ते टोक मातीत पडले होते. त्याने शिट्टी काढली.

"फादर, डावीकडे एक कमी आहे."

मी झगा वर खोचला आणि दोरी उचलली.